माणसाचे जहाज कसे झाले?

शिडांच्या काळातील लढाऊ जहाजाला इंग्रजीत 'मॅन-ऑफ-वॉर' म्हणत. या शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो 'युद्धाचा माणूस'. जहाजाला माणूस का म्हणायचे? गंमत अशी, की इंग्रज खलाशी जहाजाचा उल्लेख 'शी' म्हणजे 'ती' असा करतात. म्हणजे नावात पुरुष आणि सर्वनामात स्त्री! अनेकवचन करतानाही 'मॅन-ऑफ-वॉर्स' होत नाही, 'मेन-ऑफ-वॉर' असे होते. अनेक जहाजे म्हणजे जणू 'युद्धाची माणसे'.

असे शब्द वर्गात आले की मुले चटकन तर्क लढवतात. ते चांगलेच आहे. पण शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दलचा तर्क हाही विज्ञानातल्या गृहीतकासारखाच असतो. तो सुचणे ही पहिली पायरी. तो पुराव्यावर टिकतो का हे पाहणे ही दुसरी, आणि अधिक महत्त्वाची. या एका शब्दाच्या निमित्ताने ही दुसरी पायरी कशी चढायची ते पाहू या.

तीन तर्क

एखादा विद्यार्थी म्हणेल, "जुन्या जहाजांच्या नाळेवर लाकडी पुतळे कोरलेले असत. त्या पुतळ्यावरून जहाजाला माणूस म्हणू लागले असतील." दुसरी म्हणेल, "इंग्रजीत 'मॅन' हे क्रियापदही आहे. जहाजावर माणसे नेमणे म्हणजे 'टू मॅन अ शिप'. युद्धासाठी माणसे भरलेले जहाज ते मॅन-ऑफ-वॉर." तिसरा म्हणेल, "आधी हा शब्द माणसासाठीच असेल आणि नंतर जहाजाला लागला असेल."

तिन्ही तर्क ऐकायला ठीक वाटतात. आता त्यांची परीक्षा घेऊ.

नाळेवरचे पुतळे व्यापारी जहाजांवरही असत. मग फक्त लढाऊ जहाजालाच हे नाव का? पहिला तर्क इथेच लंगडा पडतो. दुसऱ्या तर्कात 'मॅन' हे क्रियापद आहे. पण क्रियापदाचे अनेकवचन 'मेन' होत नाही, ते नामाचेच होते. 'मेन-ऑफ-वॉर' हे रूपच सांगते की इथला 'मॅन' म्हणजे साधासुधा माणूस आहे. म्हणजे व्याकरणानेच दुसरा तर्क बाद केला.

उरला तिसरा. तो खरा असेल तर दोन गोष्टी दिसायला हव्यात. एक, जुन्या लेखनात 'मॅन ऑफ वॉर' हा शब्दप्रयोग जहाजाच्या आधी माणसासाठी आलेला असला पाहिजे. दोन, माणसाचे नाव जहाजाला लागल्याची आणखी उदाहरणे सापडली पाहिजेत. या दोन्ही गोष्टी सापडतात.

आधी योद्धा

मध्ययुगीन इंग्रजीत 'मॅन ऑफ वॉर' याचा अर्थ होता लढवय्या, सैनिक. पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा अर्थ चांगला रुळलेला होता. जहाज हा अर्थ लिखाणात दिसू लागतो तो त्याच शतकाच्या अखेरीस. त्यानंतरही जुना अर्थ लगेच मेला नाही. बायबलच्या १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात हा शब्दप्रयोग योद्धा याच अर्थाने आला आहे, आणि एके ठिकाणी तर खुद्द परमेश्वरालाच उद्देशून आला आहे. त्या काळी इंग्लंडच्या बंदरांत या नावाची जहाजे उभी होती आणि प्रार्थनामंदिरात तेच शब्द योद्ध्यासाठी वाचले जात होते. दोन अर्थ काही काळ शेजारी शेजारी नांदले.

पण सैनिकाचे नाव जहाजाला लागायला काही कारण हवे. ते समजण्यासाठी त्या काळची सागरी लढाई कशी होती ते पाहावे लागेल.

आज आपण 'नौदल' म्हटले की लढण्यासाठीच बांधलेली जहाजे डोळ्यांसमोर येतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अशी जहाजे फारच थोडी होती. युद्ध उभे राहिले की राजा बंदरांतली व्यापारी गलबते ताब्यात घेई. काल ज्या जहाजातून दारूची पिंपे किंवा लोकर जात होती, त्याच जहाजात आज धनुर्धारी आणि तलवारबहाद्दर चढत. नाळेवर आणि वऱ्यावर लाकडी बुरूज उभारले जात, म्हणजे उंचावरून बाण मारता येत. इंग्रजीत जहाजाच्या पुढच्या भागाला आजही 'फोरकासल' म्हणतात. त्यातला 'कासल' म्हणजे किल्ला. तो याच बुरजांची आठवण आहे.

२४ जून १३४० रोजी स्लॉइसच्या खाडीत इंग्रज आणि फ्रेंच आरमारांची मोठी लढाई झाली. इंग्रजांची बहुतेक जहाजे अशीच गोळा केलेली व्यापारी जहाजे होती. फ्रेंचांनी आपली जहाजे साखळ्यांनी एकमेकांना बांधून जणू तटबंदी उभी केली होती. इंग्रजांनी आधी बाणांचा वर्षाव केला आणि मग शत्रूच्या जहाजांवर चढून हातघाईची लढाई केली. ही लढाई पाण्यावर झाली, पण होती जमिनीवरचीच. जहाजाचे काम फक्त सैनिकांना शत्रूपर्यंत नेऊन भिडवायचे. लढायचे ते माणसांनी.

म्हणजेच त्या काळी 'युद्धाचे' असे जे काही होते ते जहाज नव्हते, त्यावर चढलेला माणूस होता. तो उतरला की जहाज पुन्हा लोकर वाहायला मोकळे.

जहाजच लढू लागले

पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे चित्र पालटू लागले. इंग्लंडच्या सातव्या हेन्री राजाने स्वतःची मोठी लढाऊ जहाजे बांधली आणि १४९५ मध्ये पोर्ट्समथ येथे त्यांच्या दुरुस्तीसाठी सुकी गोदी उभारली. राजाची जहाजे ही आता कायमची मालमत्ता होऊ लागली. जहाजाच्या कुशीत, पाण्याच्या पातळीच्या थोडे वर, झडपांची भोके ठेवून त्यांतून तोफा डागण्याची पद्धत सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झाली. जड तोफा खाली बसवता आल्यामुळे जहाज कलंडण्याचा धोका कमी झाला. गुरुत्वमध्य शिकवताना हे उदाहरण जरूर वापरता येईल.

या बदलाच्या मधोमध उभे असलेले जहाज म्हणजे आठव्या हेन्रीचे 'मेरी रोझ'. ते १९ जुलै १५४५ रोजी सोलेंटच्या सामुद्रधुनीत बुडाले आणि त्याचा सांगाडा ११ ऑक्टोबर १९८२ रोजी वर काढण्यात आला. राजाच्या जहाजांची एक सचित्र यादी १५४६ मध्ये तयार झाली होती. तिच्यात मेरी रोझवरची माणसे अशी दिली आहेत : सैनिक १८५, खलाशी २००, गोलंदाज ३०. एकूण ४१५.

हे आकडे बोलके आहेत. सैनिक आणि खलाशी अजून वेगवेगळे मोजले जात आहेत. सैनिक जवळजवळ खलाशांइतकेच आहेत. आणि गोलंदाज, ज्यांच्या हाती पुढचे युग जाणार होते, ते अवघे तीस! जहाज माणसांचे वाहन म्हणून ओळखले जावे, की स्वतःच एक शस्त्र म्हणून? नेमक्या या संधिकाळाच्या आरंभी 'मॅन-ऑफ-वॉर' हा शब्द माणसावरून जहाजावर गेला. आतल्या योद्ध्यांचे नाव बाहेरच्या लाकडाला चिकटले.

पुढे तोफा वाढत गेल्या. १८०५ च्या ट्रफाल्गारच्या लढाईत नेल्सनच्या 'व्हिक्टरी' जहाजावर १०४ तोफा आणि सुमारे ८२० माणसे होती. तोवर लढाई तोफांची झाली होती आणि बहुतेक माणसे शिडे आणि तोफा सांभाळणारी होती. पण जहाजाचे नाव मात्र 'माणूस' असेच राहिले.

साक्षीदार शब्द

आता दुसरी कसोटी. माणसाचे नाव जहाजाला लागल्याची आणखी उदाहरणे आहेत का?

सर्वांत चांगला साक्षीदार 'मर्चंटमन' हा आहे. आज त्याचा अर्थ व्यापारी जहाज. पण आधी त्याचा अर्थ होता व्यापारी माणूस. १६११ च्या बायबलमध्ये मोत्यांच्या शोधात निघालेल्या व्यापाऱ्याच्या दृष्टान्तात हाच शब्द माणसासाठी वापरला आहे. सतराव्या शतकात तो जहाजासाठी रूढ झाला. लढणारा माणूस आणि व्यापार करणारा माणूस, दोघांचीही नावे एकाच वाटेने जहाजांना लागली.

अशी दोन-चार उदाहरणे झाली की भाषेला साचा मिळतो. मग 'मॅन' या शेपटाचा अर्थच 'जहाज' असा होऊन बसला. ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारासाठी भारताकडे येणारे जहाज ते 'इंडियामन'. आफ्रिकेच्या गिनी किनाऱ्यावरून गुलाम नेणारे ते 'गिनीमन'. या शब्दांना माणसाचा अर्थ असण्याची गरजच उरली नाही.

शेजारच्या भाषांची साक्षही काढता येते. जर्मन आणि फ्रेंच भाषांत लढाऊ जहाजासाठी 'युद्ध-जहाज' अशा सरळ अर्थाचेच शब्द आहेत. डॅनिश भाषेत मात्र 'ऑर्लोग्समांड' हा शब्द आहे आणि त्याचा शब्दशः अर्थ पुन्हा 'युद्ध-माणूस' असाच होतो. उत्तर समुद्राच्या दोन्ही किनाऱ्यांवर ही कल्पना पटत होती, असे यावरून दिसते.

आपल्याकडचे मराठीचे शिक्षक म्हणतील, "ही तर लक्षणा झाली!" अगदी बरोबर. 'सारा गाव जत्रेला गेला' असे म्हणताना घरे आणि रस्ते जत्रेला जात नाहीत, माणसे जातात. रस्त्यावर उभे राहून आपण "ए रिक्षा!" अशी हाक मारतो तेव्हा हाक रिक्षावाल्याला असते. इथे वाहनाचे किंवा जागेचे नाव माणसाला लावले आहे. मॅन-ऑफ-वॉरमध्ये हाच व्यवहार उलट्या दिशेने झाला. आपला 'युद्धनौका' हा शब्द त्या मानाने सरळ आहे. युद्धासाठी नौका, चतुर्थी तत्पुरुष. पण या सरळ शब्दातून नौकेच्या इतिहासाचा पत्ता लागत नाही. वाकड्या शब्दातून तो लागतो.

रांगेतले जहाज

इंग्रजीतल्या दुसऱ्या एका जोडशब्दाशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होईल. तो म्हणजे 'बॅटलशिप'. वरवर पाहता 'लढाईचे जहाज' इतका साधा अर्थ दिसतो. पण हा शब्द कापलेला आहे. मूळ शब्द होता 'लाइन-ऑफ-बॅटल शिप', म्हणजे लढाईच्या रांगेत उभे राहण्याच्या योग्यतेचे जहाज.

ही रांग कशासाठी? तोफा जहाजाच्या दोन्ही कुशींत असत. म्हणजे सर्वांत जास्त मारा बाजूने होई. नाळ आणि वरे हे भाग कमकुवत, तिथे तोफाही थोड्या. मग जहाजे एकामागे एक ठेवली तर प्रत्येकाची कूस शत्रूकडे राहते, आणि प्रत्येकाच्या नाळेचे व वऱ्याचे रक्षण पुढच्या-मागच्या जहाजामुळे होते. डचांशी चाललेल्या युद्धात, १६५३ मध्ये, इंग्रज आरमाराला अशा रांगेने लढण्याच्या लेखी सूचना देण्यात आल्या. रांगेत एखादे जहाज दुबळे असले तर तिथेच भगदाड पडणार. म्हणून रांगेत उभे राहू शकणारी आणि न शकणारी अशी जहाजांची वर्गवारी सुरू झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस 'लाइन' गळून नुसता 'बॅटलशिप' हा शब्द दिसू लागला. पुढे वाफेची आणि पोलादाची जहाजे आली, शिडे गेली, तरी हे नाव टिकले.

'डिस्ट्रॉयर'चीही तीच कथा. १८९० च्या दशकात टॉर्पेडो डागणाऱ्या छोट्या, चपळ बोटींचा बंदोबस्त करण्यासाठी जी जहाजे बांधली गेली त्यांना 'टॉर्पेडो-बोट डिस्ट्रॉयर' म्हणत. पुढे पहिला भाग गळला. आपण त्याचे 'विनाशिका' असे भाषांतर केले, पण कोणाचा विनाश, हे मूळ शब्दातच हरवून गेले होते.

तीन शब्द, तीन काळ. पहिल्यात लढणारा माणूस आहे, दुसऱ्यात रांगेतली जागा आहे, तिसऱ्यात समोरचा शत्रू आहे. युद्धाची पद्धत बदलली तसे नाव ठेवण्याचे निमित्त बदलले.

मनवार

हा शब्द आपल्या किनाऱ्यावरही येऊन पोचला होता. अठराव्या शतकात पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजांची दोन प्रकारची जहाजे दिसत. एक ईस्ट इंडिया कंपनीची आणि दुसरी इंग्लंडच्या राजाच्या नौदलाची. 'मॅन-ऑफ-वॉर' हे नाव विशेषकरून या दुसऱ्या प्रकाराला लावत. फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांचे सैन्य जमिनीवरून आणि अॅडमिरल वॉटसनच्या हाताखालचे आरमार समुद्रावरून विजयदुर्गावर चालून गेले. तेव्हा राजाच्या नौदलाची ही मोठी जहाजे तुळाजी आंग्र्यांच्या आरमारासमोर उभी ठाकली. त्या लढाईत आंग्र्यांचे आरमार जळून गेले.

आंग्र्यांच्या ताफ्यात गुराबा आणि गलबते होती. 'गुराब' हा शब्द मूळ अरबी, आणि त्याचा अर्थ कावळा. इंग्रजांनी तो ऐकला आणि 'ग्रॅब' असा लिहिला. इंग्रजीत 'ग्रॅब' म्हणजे झडप घालून पकडणे. त्यामुळे लुटारू जहाज म्हणून हे नाव पडले असावे असे एखाद्या इंग्रज वाचकाला सहज वाटेल. पण तो केवळ उच्चाराचा योगायोग आहे. वर पाहिलेल्या पुतळ्याच्या तर्कासारखाच हाही तर्क पुराव्यापुढे टिकत नाही. आपला 'आरमार' हा शब्दही पोर्तुगीज 'आर्माडा'वरून आला आहे. समुद्रावर शब्दांची ने-आण दोन्ही दिशांनी चालते.

मुंबईच्या गोदीत वाडिया कुटुंबातील कसबी पारशी जहाजबांधणीदार सागवानी जहाजे बांधत. जमशेटजी बमनजी वाडियांनी बांधलेले ७४ तोफांचे 'मिन्डेन' १८१० मध्ये पाण्यात उतरले. इंग्लंडच्या नौदलासाठी त्या देशाबाहेर बांधले गेलेले, लढाईच्या रांगेत उभे राहू शकणारे हे पहिले जहाज मानले जाते. १८१७ मध्ये मुंबईतच बांधलेले 'ट्रिंकोमाली' तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे. ज्या बंदरात अशी जहाजे बांधली जात, नांगरत, दुरुस्त होत, तिथल्या सुतारांच्या, खलाशांच्या आणि हमालांच्या तोंडी त्यांचे नाव बसणारच. ते बसले 'मनवार' असे. जुन्या मराठीत लढाऊ जहाजाला 'मनवार' म्हणत. गुजरातीतही 'मनवार' आहे आणि बंगालीत 'मानोआरी जहाज'.

इंग्रज खलाशी 'ऑफ' पुरता उच्चारत नसत. ते 'मॅन-ओ-वॉर' म्हणत. बंगालीने तो 'ओ' धरून ठेवला, मराठीने आणि गुजरातीने सोडला. यावरून कळते, की हा शब्द पुस्तकातून नव्हे तर कानावाटे आला. 'मनवार'मध्ये आपले मन नाही आणि वारही नाही. पाहुण्याला आग्रह करणे या अर्थाच्या राजस्थानी 'मनवार'शीही त्याचा काही संबंध नाही. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणजे ते नातेवाईक असतात असे नाही, हा धडा इथेही मिळतो.

'मनवार' आता मराठीत जवळजवळ विसरला गेला आहे. त्याची जागा 'युद्धनौका' या शब्दाने घेतली. 'आगबोट' हा मात्र टिकला. त्यातली 'आग' आपली आणि 'बोट' इंग्रजांची.

जहाजावरून जीवाकडे

या शब्दाचा प्रवास जहाजावर थांबला नाही. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात एक निळसर-जांभळा जीव तरंगताना दिसतो. त्याचे शास्त्रीय नाव फायसेलिया. ग्रीक भाषेत 'फायसा' म्हणजे फुगा. त्याच्या अंगावर हवेने भरलेली पिशवी असते, तिच्यावर शिडासारखा तुरा असतो आणि खाली लांबच लांब दंशतंतू लोंबत असतात. अटलांटिक महासागरातल्या मोठ्या जातीचे तंतू ३० मीटरपर्यंत लांब असू शकतात. इंग्रजीत याला 'पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर' म्हणतात. अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून हे नाव लेखनात आढळते.

डंख मारतो म्हणून लढाऊ जहाजाचे नाव मिळाले असेल का? पुन्हा शेजारच्या भाषांना विचारू. खुद्द पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोक त्याला 'पोर्तुगीज कॅराव्हेल' म्हणतात. कॅराव्हेल हे पोर्तुगीजांचे त्रिकोणी शिडांचे जहाज. जर्मन लोक त्याला 'पोर्तुगीज गॅली' म्हणतात. या साऱ्या नावांत समान आहे ते पोर्तुगीज जहाज. लढाई सगळ्यांत नाही. तेव्हा नाव पडले ते मुख्यतः शिडासारख्या तुऱ्यावरून.

हा तुरा खरोखर शिडाचे काम करतो. काही फायसेलियांचा तुरा डावीकडे कललेला असतो, काहींचा उजवीकडे. त्यामुळे एकाच वाऱ्यात ते वेगवेगळ्या दिशांना वाहत जातात आणि सगळेच एका किनाऱ्यावर आपटत नाहीत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार फायसेलियाची एक नव्हे तर किमान ४ जाती आहेत. यांच्यापैकी लहान आकाराचे, 'ब्लू बॉटल' या नावाने ओळखले जाणारे जीव पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर वाहून येतात. ऑगस्ट २०१८ मध्ये जुहूच्या किनाऱ्यावर अनेकांना त्यांचे डंख झाले होते. किनाऱ्यावर सहल नेणाऱ्या शिक्षकांनी हे ध्यानात ठेवावे. हा जीव मेलेला दिसला तरी त्याच्या दंशपेशी काम करू शकतात, म्हणून त्याला हात लावू देऊ नये. डंख झाल्यास वाळूने चोळू नये आणि वैद्यकीय मदत घ्यावी.

फायसेलिया दिसतो एक, पण असतो अनेकांचा मिळून. पिशवी, तंतू, अन्न पचवणारे भाग, प्रजननाचे भाग हे सारे एकाच अंड्यापासून उमललेले, पण एकेका स्वतंत्र प्राण्याच्या तोडीचे घटक असतात. मात्र सुटे होऊन ते जगू शकत नाहीत. टी. एच. हक्सली हे तरुण शल्यचिकित्सक १८४६ ते १८५० या काळात इंग्लंडच्या नौदलाच्या 'रॅटलस्नेक' या जहाजावर नोकरीला होते. त्या सफरीत त्यांनी फायसेलियाचा आणि त्याच्या भाईबंदांचा बारकाईने अभ्यास केला. म्हणजे एका मॅन-ऑफ-वॉरवर बसून दुसऱ्या मॅन-ऑफ-वॉरचा अभ्यास! या जीवांना एक म्हणायचे की अनेक, यावर जीवशास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. हक्सलींचे म्हणणे होते, की एका अंड्यातून जे जे निपजले ते सारे मिळून एकच प्राणी. जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ लॉयकार्ट यांचे म्हणणे, ही वेगवेगळ्या रूपांच्या अनेक प्राण्यांची वसाहत आहे. नाव ठेवणाऱ्या खलाशांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त शीड पाहिले होते.

वर्गात काय करता येईल?

हीच पद्धत वापरून मराठी शब्द तपासता येतील. 'पाणबुडी' घ्या. पाण्यात बुडी मारणाऱ्या माणसाला आपण पाणबुड्या म्हणतो. तळ्यात बुडी मारून दूरवर वर येणाऱ्या टिबुकलीलाही पाणबुडी म्हणतात. आणि समुद्राखालून जाणारे लढाऊ जहाज तेही पाणबुडीच. यांतले जुने काय आणि नवे काय? नाव माणसावरून जहाजाला आले की पक्ष्यावरून? मुलांना आधी तर्क करू द्यावा. मग जुने-नवे शब्दकोश काढावेत, घरातल्या वयस्कर माणसांना विचारावे, शेजारच्या भाषांत काय म्हणतात ते पाहावे. तीन प्रश्न फळ्यावर लिहून ठेवावेत : कोणता अर्थ आधीचा? असे आणखी शब्द आहेत का? दुसऱ्या भाषा काय सांगतात?

या प्रश्नांना न टिकणारा तर्क कितीही सुंदर असला तरी सोडून द्यावा लागतो. ती सवय एकदा लागली की ती शब्दांपुरती राहत नाही. आणि टिकणारा तर्क हाती लागला की एखाद्या साध्या शब्दाच्या आत पाचशे वर्षांपूर्वीचे ते जहाज दिसते, ज्याच्यावर लढायला अजून माणूसच लागत होता.